परवाना आहे, परवानगी नाही!

उद्या सकाळी सबमिशन. तुम्ही लॅबमध्ये बसता, सॉफ्टवेअरवर डबल क्लिक करता आणि समोर एक चौकोन उगवतो : ‘लायसन्स सापडलं नाही.’ किंवा त्याहून वाईट, ‘तुमचं लायसन्स वैध नाही.’ अरे, असं कसं? कॉलेजने पैसे भरलेत. शेजारच्या पीसीवर तेच सॉफ्टवेअर मस्त चालू आहे. सर येतात, स्वतःच्या लॉगिनने उघडतात, तर याच पीसीवर ते चालतं! ‘चालतंय की, तूच काहीतरी केलं असशील,’ असं म्हणून सर निघून जातात. तुम्ही परत तुमच्या लॉगिनने बसता, आणि तोच चौकोन परत तुमच्याकडे बघत असतो.

मग आपले ठरलेले उपाय सुरू होतात. काढून परत टाका. राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. अँटिव्हायरस बंद करा. कुठल्यातरी ग्रुपवर कुणीतरी क्रॅकची लिंक टाकतंच, ती घ्या. ज्याला यातलं काहीच जमत नाही, तो गुपचूप मान्य करून टाकतो की, ‘आपल्याला कॉम्प्युटर झेपत नाही बुवा.’

मला या सगळ्याबद्दल एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. लायसन्सच्या नावाने येणारी एरर पुष्कळदा लायसन्सची नसतेच. ती एका फोल्डरची असते. आणि एका फोल्डरसाठी अख्ख्या घराची दारं उघडी टाकायची आपल्याला जी सवय लागली आहे, ती मूळ एररपेक्षा जास्त महागात पडणारी आहे.

दोन सख्खे शब्द

आपल्या भाषेत दोन शब्द अगदी शेजारी राहतात : परवाना आणि परवानगी. परवाना म्हणजे लायसन्स. हे सॉफ्टवेअर वापरायचा हक्क तुम्हाला आहे, असं कंपनीने दिलेलं पत्र. परवानगी म्हणजे पर्मिशन. या फोल्डरमध्ये कुणी नुसतं बघायचं, कुणी लिहायचं, कुणी पुसायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. पहिली गोष्ट कंपनी देते, दुसरी तुमचं विंडोज किंवा लिनक्स. दोघांचा एकमेकांशी काही करार झालेला नसतो.

घोळ होतो तो इथे. लायसन्स ही काही हवेत तरंगणारी वस्तू नाही. बहुतेक सॉफ्टवेअरसाठी ती तुमच्या डिस्कवरची एक छोटी फाइल असते. सॉफ्टवेअर उघडताना ती वाचली जाते. पण नुसती वाचली जाते असं नाही. अनेक सॉफ्टवेअर तिथे काही लिहूनही ठेवतात. शेवटचं कधी उघडलं, ट्रायलचे किती दिवस उरले, या मशीनची ओळख काय, ऑनलाइन तपासणी कधी झाली वगैरे. लिहिता आलं नाही की प्रोग्राम गोंधळतो. आपल्याला लिहिता आलं नाही, एवढं सांगायचं सोडून तो थेट निकाल देतो : लायसन्स नाही.

समजा, कॉलेजच्या जिमखान्याच्या दारात वॉचमनकाका बसलेत. तुमचं ओळखपत्र खरं आहे, तारीखही बरोबर आहे. पण नोंदवही कपाटात आणि कपाटाची किल्ली ऑफिसात. नोंद करता येत नाही म्हणून काका म्हणतात, ‘तुमचं कार्ड चालत नाही.’ आता तुम्ही नवं कार्ड काढून आणलंत तरी काका तेच म्हणणार. कारण अडचण कार्डात नव्हतीच, कपाटात होती.

कपाटाला कुलूप का लावलं?

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी लोक ॲडमिन म्हणूनच कॉम्प्युटर वापरायचे. कुठलाही प्रोग्राम कुठेही लिहायचा. सोय होती आणि व्हायरसांचीही चंगळ होती. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने हे बदललं. तुम्ही ॲडमिन असलात तरी रोजचं काम साध्या अधिकारांनी चालेल आणि सिस्टिमच्या जागेला हात लावायचा असेल तर आधी विचारलं जाईल, अशी रचना आली. तो ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ असा प्रश्न आपण आजही न वाचता ‘येस’ करतो ना, तो तिथून आला.

या रचनेत दोन फोल्डर आपल्या कामाचे. पहिलं ‘प्रोग्राम फाइल्स’. प्रोग्राम स्वतः इथे राहतात. साध्या लॉगिनला इथे वाचता येतं, चालवता येतं, लिहिता येत नाही. दुसरं ‘प्रोग्रामडेटा’. हे लपवलेलं असतं, म्हणून बऱ्याच जणांनी कधी पाहिलेलंही नसतं. सगळ्या युजर्सची सामायिक माहिती, आणि अनेकदा लायसन्सची फाइलही, इथे असते. याची एक गंमत आहे. साधा युजर इथे नवी फाइल बनवू शकतो, पण दुसऱ्याने बनवलेली फाइल बदलू शकत नाही. म्हणजे लॅबमध्ये सरांनी स्वतःच्या लॉगिनने सॉफ्टवेअर टाकलं, स्वतःच पहिल्यांदा उघडून पाहिलं, की लायसन्सची फाइल सरांच्या नावावर जन्माला येते. दुसऱ्या दिवशी तुमचं विद्यार्थी लॉगिन त्याच फाइलमध्ये काही लिहायला जातं आणि विंडोज दार बंद करतं.

‘सरांच्या लॉगिनला चालतं, माझ्याला नाही’ या वाक्यात रोगाचं निम्मं निदान झालेलं असतं. तेच वाक्य तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जातं, हा खरा अन्याय!

‘एरर १६’ची गोष्ट

हे हवेतलं बोलणं वाटत असेल तर एक जगप्रसिद्ध उदाहरण घ्या. अ‍ॅडोबीच्या फोटोशॉप आणि त्याच्या भावंडांच्या सीएस६ आणि नंतरच्या सीसी आवृत्त्यांमध्ये एक एरर यायची. प्रोग्राम उघडायला गेलात की ‘कॉन्फिगरेशन एरर’ असं दिसायचं, खाली सल्ला असायचा की सॉफ्टवेअर काढून टाका आणि परत इन्स्टॉल करा, आणि तळाला आकडा : एरर १६.

लोक आज्ञाधारकपणे काढायचे, परत टाकायचे. काहीशे एमबी, काही जीबी परत उतरवायचे. पुन्हा एरर १६. कारण पुष्कळदा प्रोग्राममध्ये काही बिघडलेलंच नसायचं. लायसन्सची माहिती ठेवणारी दोन फोल्डर्स होती, ‘अ‍ॅडोबी पीसीडी’ आणि ‘एसएलस्टोअर’. त्यांच्या परवानग्या बिघडल्या की हा आकडा यायचा. त्या दोन फोल्डरच्या परवानग्या नीट करा, हा उपाय अ‍ॅडोबीच्याच मदतीच्या मजकुरात दिलेला होता. म्हणजे स्क्रीनवरचा सल्ला एक आणि खरं औषध दुसरं, तेही त्याच कंपनीचं!

हे काही एकट्या अ‍ॅडोबीचं दुखणं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फाइल उघडता आली नाही तर काय सांगायचं याचा नीट विचार केलेला नसतो. ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला खरं कारण सांगितलेलं असतं. विंडोजमध्ये ‘ॲक्सेस इज डिनाइड’चा क्रमांक ५ आणि लिनक्समध्ये ‘पर्मिशन डिनाइड’चा १३. पण तो आकडा मधल्यामध्ये गिळला जातो आणि तुमच्यापर्यंत येतो तो फक्त आरोप. सॉफ्टवेअर बनवायचं शिकणाऱ्या वाचकांनो, हे तुमच्यासाठी आहे : उद्या तुम्ही एरर मेसेज लिहाल तेव्हा फोल्डरचं नाव आणि खरं कारण लिहा. तेवढ्या एका ओळीने कुणाची तरी रात्र वाचेल.

उपाय की अपाय?

आता आपल्या आवडत्या उपायांकडे येऊ.

काढून परत टाकणं. हे निरुपद्रवी वाटतं, वेळ मात्र खातं. सॉफ्टवेअर काढलं तरी लायसन्सचं फोल्डर बहुधा मागे राहतं, त्याच परवानग्यांसकट. म्हणून तोच खेळ पुन्हा.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. हा सगळ्यांचा लाडका उपाय, आणि फसवाही. त्याने त्या वेळेपुरतं सॉफ्टवेअर उघडतं, म्हणून आपल्याला वाटतं सुटलं. पण यात दोन सापळे आहेत. तुमचं लॉगिन साधं असेल आणि सरांनी येऊन ॲडमिनचा पासवर्ड टाकला, तर प्रोग्राम सरांच्या खात्याने चालतो. लायसन्स ‘युजर’च्या फोल्डरमध्ये साठणारं असेल तर ते सरांच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. तुम्ही नंतर साध्या पद्धतीने उघडलंत की परत शून्य. दुसरा सापळा जुन्या ३२ बिटच्या प्रोग्राम्सचा. असा प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायला गेला तर विंडोज त्याला नाही म्हणत नाही, गुपचूप ती फाइल तुमच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. प्रोग्रामला वाटतं, लिहिलं. प्रत्यक्षात ती फाइल फक्त तुम्हालाच दिसते. म्हणून एका लॉगिनला ॲक्टिव्हेट झालेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या लॉगिनला अनोळखी वागतं आणि सगळे म्हणतात, ‘हा पीसीच पनवती आहे.’

लिनक्सवाल्यांनी हसू नये. तिथे हेच काम ‘सुडो’ करतं. एकदा सुडो लावून प्रोग्राम चालवला की त्याने तुमच्या होम फोल्डरमध्ये बनवलेल्या फाइल्स ‘रूट’च्या मालकीच्या होऊ शकतात. मग पुढच्या वेळी साध्या पद्धतीने तो उघडतच नाही. म्हणजे आजच्या उपायाने उद्याचा आजार तयार केला.

‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’, किंवा लिनक्सचं ‘७७७’. हा उपाय सर्वांत धोक्याचा आणि तो देणारे सर्वांत आत्मविश्वासू! नीट विचार करा. प्रोग्राम जिथे राहतो त्या फोल्डरमध्ये तुम्ही सगळ्यांना लिहायची मुभा दिली. उद्या कुणीही विद्यार्थी, किंवा कुणाच्या पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस, मूळ प्रोग्रामच्या जागी त्याच नावाचा दुसरा ठेवू शकतो. परवा सर येतात, ॲडमिन लॉगिनने तो उघडतात, आणि तो भलताच प्रोग्राम ॲडमिनच्या अधिकाराने चालतो. लॅबमधल्या मशीनवर तुम्ही ईमेल उघडता, परीक्षेचा फॉर्म भरता, फी भरता. आता सांगा, फोटोशॉप उघडण्यासाठी ही किंमत बरी वाटते का?

आणि क्रॅक. इथे नैतिकतेचं भाषण देत नाही. नुसतं तर्काने बघू. क्रॅक परवान्याचा प्रश्न सोडवल्याचा दावा करतो. तुमचा प्रश्न परवानगीचा आहे. परवाना तर तुमच्याकडे आहेच! शिवाय क्रॅकची पहिली अट काय असते? अँटिव्हायरस बंद करा आणि ॲडमिन म्हणून चालवा. अनोळखी माणसाला घराच्या किल्ल्या देऊन वर कुत्राही बांधून ठेवायचा. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर अशाच क्रॅक आणि कीजनमधून पसरत गेलं. त्यात अडकलेल्यांच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या, त्यात प्रोजेक्ट आणि थिसिसही आलेच.

मग करायचं काय?

आधी शांतपणे एरर वाचा. पूर्ण, तळाच्या आकड्यासकट. फोटो काढून ठेवा. कारण प्रत्येक लायसन्स एरर फोल्डरची असते असंही नाही, आणि आकडा दिशा दाखवतो. मॅटलॅब किंवा ॲन्सिससारखी सॉफ्टवेअर कॉलेजच्या सर्व्हरवरून लायसन्स घेतात तेव्हा मागे ‘फ्लेक्सनेट’ नावाची यंत्रणा असते. तिथे उणे १५ म्हणजे सर्व्हरशी संपर्क होत नाही, उणे ४ म्हणजे सगळी लायसन्सं वापरात आहेत, कुणीतरी बंद करेपर्यंत थांबा, उणे १० म्हणजे मुदत संपली. यांत फोल्डरचा काही दोष नाही. पण उणे १, म्हणजे लायसन्स फाइल सापडत नाही, असं दिसलं आणि फाइल तर जागेवर आहे, तर कान टवकारा. फाइल ‘नसणं’ आणि फाइल ‘वाचता न येणं’ हे प्रोग्रामला सारखंच दिसू शकतं.

कॉमर्सवाल्यांनाही हे ओळखीचं असेल. टॅलीला लायसन्स मिळालं नाही की ते ‘एज्युकेशनल मोड’मध्ये जातं आणि मग व्हाउचरला महिन्याच्या ठरावीक दोन-तीन तारखाच घेतं. त्याची कारणं बरीच असू शकतात, लायसन्स सर्व्हर बंद असण्यापासून नेटवर्कपर्यंत. पण बाकी सगळं ठीक असेल तर फोल्डरकडेही एक नजर टाकायला हवी.

दुसरी पायरी, एक साधी चाचणी. त्याच मशीनवर दुसऱ्या लॉगिनने सॉफ्टवेअर चालतं का? चालत असेल तर लायसन्स जिवंत आहे, संशय फोल्डरवर. कुठल्याच लॉगिनने चालत नसेल तर लायसन्स, सर्व्हर किंवा तारीख तपासा. हो, तारीखही. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलेलं असेल तर अनेक लायसन्स यंत्रणा चोरीचा संशय घेतात.

तिसरी पायरी, फोल्डर शोधा. कंपनीच्या मदतीच्या मजकुरात बहुधा लायसन्स कुठे साठतं ते लिहिलेलं असतं. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब. तिथे ‘युजर्स’समोर फक्त ‘रीड’ आहे की ‘मॉडिफाय’ही, ते दिसतं. हे नुसतं बघायला बहुधा कुठलाही खास अधिकार लागत नाही.

चौथी पायरी स्वतःच्या लॅपटॉपवाल्यांसाठी. मायक्रोसॉफ्टचं ‘प्रोसेस मॉनिटर’ नावाचं फुकट टूल आहे. प्रोग्राम कुठल्या फाइलला हात लावतो आणि काय उत्तर मिळतं, ते सगळं ते दाखवतं. निकालाच्या रकान्यात ‘ॲक्सेस डिनाइड’ एवढंच गाळून बघायचं. यादीतली प्रत्येक ओळ गुन्हेगार नसते. काही प्रोग्राम आधी जास्त अधिकार मागतात, नकार मिळाला की कमी मागून पुढे जातात. पण एरर यायच्या अगदी आधी लायसन्सच्या फोल्डरचं नाव दिसलं, की चोर सापडलाच समजा. मग त्या एका फोल्डरवर, तुमच्या एका खात्याला, ‘मॉडिफाय’ द्या. ‘फुल कंट्रोल’ नको. फुल कंट्रोलमध्ये परवानग्या बदलायचा आणि मालकी घ्यायचा अधिकारही जातो, आणि प्रोग्रामला नुसतं लिहायचं असतं.

आणखी दोन छोट्या गोष्टी. लायसन्सची फाइल डाउनलोड करून योग्य जागी टाकताना कट-पेस्ट करण्यापेक्षा कॉपी-पेस्ट करा. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत आणू शकते. कॉपी केलेली फाइल नव्या घराचे नियम घेते. आणि विंडोजमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची रॅन्समवेअरविरोधी सोय आहे. ती चालू असेल तर ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रामला ती डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही. तिथेही सोय अख्खी बंद करायची गरज नसते. त्या एका प्रोग्रामला यादीत घ्या, झालं.

मागायचं कसं?

लॅबमधल्या मशीनवर यातलं शेवटचं काम तुम्हाला करता येणार नाही, आणि करूही नये. तिथे मागावं लागतं. आणि आपण मागतो कसं? ‘सर, चालत नाहीये.’ यावर सरांनी तरी काय करायचं? सव्वाशे मुलं, चाळीस पीसी, आणि प्रत्येकाचं ‘चालत नाहीये’.

त्याऐवजी असं लिहून बघा : ‘सर, दोन नंबरच्या लॅबमध्ये पीसी क्रमांक १४. विद्यार्थी लॉगिनने हे सॉफ्टवेअर उघडताना लायसन्सची एरर येते, फोटो जोडला आहे. तुमच्या लॉगिनने उघडतं. प्रोग्रामडेटामधल्या लायसन्सच्या फोल्डरवर विद्यार्थी लॉगिनला फक्त रीड दिसतंय. कंपनीच्या मदतीच्या मजकुराप्रमाणे तिथे लिहिण्याचा अधिकार लागतो. तेवढ्या एका फोल्डरपुरता तो देता येईल का, कृपया बघाल का?’

या निरोपात आरोप नाही, गयावया नाही आणि ॲडमिनचा पासवर्डही मागितलेला नाही. तुम्ही सरांचं निम्मं काम करून दिलंय. अशा निरोपाला ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे उत्तर देणं जरा जड जातं.

काही जण म्हणतील, हे आम्ही का करायचं? फी भरतो, लॅब चालू ठेवणं कॉलेजचं काम. शंभर टक्के मान्य. म्हणूनच कॉलेजांनाही सांगायला हवं : सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक सॉफ्टवेअर एकदा विद्यार्थी लॉगिनने उघडून पाहा. ॲडमिन लॉगिनने चालतं यावरून काहीच सिद्ध होत नाही. ज्या लॅबमध्ये मशीन रीस्टार्ट झालं की जुन्या स्थितीत परत जातं, तिथे लायसन्सची नोंदही रोज पुसली जात नाही ना, हेही बघा. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी, एक्स्टर्नल समोर बसलेले असताना हे कळणं परवडणारं नाही. त्या वेळी मार्क विद्यार्थ्याचे जातात, लॅबचे नाहीत.

दुसरे काही जण म्हणतील, मग आम्हाला सरळ ॲडमिनच करून टाका ना! कटकटच नको. त्यावर उत्तर जुनं आहे. १९७५ साली जेरोम साल्ट्झर आणि मायकल श्रोडर या दोघांनी संगणकातली माहिती सुरक्षित कशी ठेवावी यावर एक निबंध लिहिला. त्यातलं एक तत्त्व आज जगभर शिकवलं जातं : प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला त्याच्या कामापुरता, कमीत कमी अधिकार असावा. ते तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. चूक कुणाकडूनही होते, व्हायरस कुणाच्याही पेनड्राइव्हमधून येतो, आणि अधिकार जेवढा मोठा तेवढं नुकसान मोठं. तुमच्या सिलॅबसमध्ये ‘लीस्ट प्रिव्हिलेज’ या नावाने हे असेल, दोन मार्कांसाठी. लॅबमधला तो चौकोन म्हणजे त्याचंच प्रॅक्टिकल.

आणि हो, उद्याच सबमिशन असेल आणि सर उद्या दुपारपर्यंत येणार नसतील, तर लायसन्सची भानगडच नसलेली सॉफ्टवेअर हाताशी ठेवा. मॅटलॅबची बरीचशी साधी कामं ऑक्टेव्हमध्ये होतात. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प अशाच मुक्त सॉफ्टवेअरचा शिक्षणात वापर वाढावा म्हणून काम करतो, त्याकडे एकदा बघा. फक्त हे लक्षात ठेवा की फोल्डरचे नियम तिथेही तेच असतात. परवाना फुकट मिळाला, तरी परवानगी लागतेच.

पुढे नोकरीत जाल तेव्हा कंपनीच्या लॅपटॉपवर तुम्हाला ॲडमिनचे अधिकार बहुधा मिळणार नाहीत. तिथे रोजच काहीतरी अडेल आणि रोजच कुणाकडे तरी मागावं लागेल. ‘सगळं उघडून द्या’ म्हणणाऱ्याकडे आयटीवाले संशयाने बघतात. ‘या फोल्डरवर, या कारणासाठी, एवढाच अधिकार हवा’ असं म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं. ही भाषा शिकायला कुठला कोर्स लागत नाही. कॉलेजची लॅब आणि तो आगाऊ चौकोन पुरेसा आहे. पुढच्या वेळी तो उगवला की घाबरून ‘ओके’ दाबू नका. आधी त्याला विचारा : बाबा रे, तुला नेमकं लिहायचंय कुठे?